दुसरा आणि चौथा शनिवार

आमच्या घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी, साडेतीन पानांच्या होत्या. वकिलांनी त्या कुणाच्या तरी जुन्या फाइलमधून उचललेल्या असणार, कारण दोन ठिकाणी "सदर मुलगा" असं राहून गेलं होतं, ते पेनाने खोडून "मुलगी" केलं आणि बाजूला आम्हा दोघांच्या छोट्या सह्या. पेन माझं होतं, नवऱ्याने सही करून परत दिलं आणि थँक्यू म्हणाला. २०१६ चा नोव्हेंबर, नोटाबंदीचा पंधरवडा. तेव्हा म्युच्युअलला, म्हणजे संमतीच्या घटस्फोटाला, सहा महिने थांबावंच लागायचं (ते माफ करता येतात हा सुप्रीम कोर्टाचा निकाल पुढच्या वर्षी आला), त्यामुळे मे महिन्यात टाकलेला अर्ज बरोब्बर त्या गोंधळात निकाली निघाला आणि वकिलांची उरलेली फी कुठल्या नोटांमध्ये द्यायची यावर आमची जितकी चर्चा झाली तितकी मुलीच्या पुढच्या तेरा वर्षांवर काही झाली नाही, हे आज लिहिताना लाज वाटते पण खरं आहे.

मुलगी पाच वर्षांची. ताबा माझ्याकडे, त्याने मुलीच्या खर्चाला महिन्याला बारा हजार द्यायचे पाच तारखेच्या आत, शाळेची फी निम्मी-निम्मी, आणि भेट दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. दुसरा आणि चौथाच का, तर तो तेव्हा एका फायनान्स कंपनीत होता आणि त्यांना बँकांसारखी सुट्टी असायची. दिवाळी आणि मेच्या सुट्टीबद्दल एकच ओळ, "परस्पर संमतीने ठरवावे". परस्पर संमती इतकी जमली असती तर कोर्टात कशाला गेलो असतो, हे वाक्य मी नंतर निदान दहा जणांना ऐकवलंय.

दरवर्षी रक्कम इतके टक्के वाढेल असं कुठे नव्हतं. फॉर्म भरल्यासारखं सगळं भरलं आणि सुटलो एकदाचे, ही भावना.

तीन वर्षं व्यवस्थित चाललं, खोटं बोलणार नाही. मग २०१९ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि नाशिकला मित्राबरोबर हॉटेलच्या किचनचं सामान पुरवायचा धंदा सुरू केला. आता शनिवारी अकराला पुण्यात पोचायचं तर पहाटे साडेपाचला निघायचं, दोनशे दहा किलोमीटर, आणि ज्यांनी पुणे-नाशिक रस्ता केलाय त्यांना चाकणचं सांगायला नको. बरं पुण्यात त्याचं घर नाही. मग बाप-लेक सहा तास करणार काय, तर मॉल. लेक फूड कोर्टमध्ये बसून गणितं सोडवायची, बाबा शेजारी बसून व्यापाऱ्यांचे फोन घ्यायचा, मग एक पिक्चर, मग आइस्क्रीम, पाचला सोसायटीच्या गेटवर. एकदा ती म्हणाली होती की बाबाकडे जाणं म्हणजे वेटिंग रूमसारखं असतं, फक्त एसी असतो. मी हसले होते. आत कुठेतरी बरंही वाटलं होतं, तेही लिहून टाकते.

मग मार्च २०२०. हॉटेलं बंद म्हणजे याचा धंदा बंद. जूनच्या शेवटी त्याचा लांबलचक मेसेज आला, व्हॉट्सॲपवर, की सध्या सातच हजार देऊ शकतो, हॉटेलं सुरू झाली की पूर्ण देतो, समजून घे. माझी नोकरी चालू होती, अकाउंट्स डिपार्टमेंटला घरून काम होतं, पगार येत होता. मी डाळ शिजायला लावली होती, कुकरची शिट्टी होत होती, एका हाताने मोबाइल धरून मी त्याला अंगठा पाठवला. पिवळा अंगठा, बस. ना किती महिने, ना नंतर काय. मला वाटलं मी माणुसकीने वागले आणि खरंच माणुसकीनेच वागले होते.

हॉटेलं सुरू झाली. सातचे बारा काही झाले नाहीत. भेटी आधी व्हिडिओ कॉलवर गेल्या होत्या, त्या नंतर परत सुरू झाल्या त्या कधी दुसऱ्या शनिवारी, कधी तिसऱ्या रविवारी, कधी महिनाभर नाहीच, आणि तेही सगळं फोनवर, "या वेळी नको गं, डिलिव्हरी आहे", "बरं चालेल". कागदावरचं एकही वाक्य आता खरं उरलं नव्हतं आणि दोघांनाही ते सोयीचं होतं.

फी मात्र पहिलीला वर्षाची अडतीस हजार होती ती सातवीपर्यंत लाखावर गेली. व्हॅन, क्लास, चष्मा, दातांच्या तारा. दातांच्या तारांचं कुठल्याच टर्म्समध्ये कुणी लिहीत नसेल.

आता माझा भाग. मे २०२२. त्या महिन्यात सात हजारही आले नव्हते, मी दोनदा आठवण केली, उत्तर नाही, आणि शुक्रवारी रात्री मात्र मेसेज, उद्या अकराला येतो. मी सकाळी फोन केला आणि सांगितलं, तिला ताप आहे, नको येऊस. फोन ठेवून वळले तर लेक किचनच्या दारात उभी, अकरा वर्षांची, बॅग भरून, केसांना तेल लावलेलं नाही कारण बाबाला वास आवडत नाही. म्हणाली, "आई, मला ताप नाहीये." एवढंच. मी काहीतरी बोलले, बाबाची गाडी बिघडलीय वगैरे, म्हणजे एक खोटं झाकायला दुसरं, आणि तेही इतकं फालतू की तिने विश्वास ठेवायचं नाटक केलं. पुढच्या दोन वर्षांत मी असं अजून तीन वेळा केलं. ताप परत वापरला नाही, दुसरी कारणं शोधली.

फेब्रुवारी २०२४ ला, आठवीची फी समोर आल्यावर, मी त्याला सरळ म्हटलं की बारा सुरू कर आणि आता बारातही भागत नाही. त्याचं दुसरं लग्न झालं होतं, दीड वर्षाचा मुलगा होता. तो म्हणाला, सातचं आपलं ठरलंय, तूच हो म्हणालीस, माझ्याकडे मेसेज आहे. आणि स्क्रीनशॉट पाठवला. माझाच अंगठा.

वकील मॅडमकडे गेले तेव्हा मी एक वही घेऊन गेले होते, कॉलेजची दोनशे पानी, त्यात डावीकडे पैसे कधी आले आणि उजवीकडे तो कधी भेटायला आला किंवा नाही आला, तारखेनिशी. मला वाटलं त्या कौतुक करतील. त्यांनी दहा पानं उलटली आणि म्हणाल्या, "ताई, पैसे आणि भेट एका वहीत लिहिता तिथेच तुमचं चुकलंय. पैसे नाही आले म्हणून मूल अडवायचं नाही, भेट नाही झाली म्हणून त्याने पैसे अडवायचे नाहीत. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही तुमच्या नाहीत, मुलीच्या आहेत." मग अंगठ्याचं सांगितलं तर म्हणाल्या, मुलीचे पैसे माफ करणाऱ्या तुम्ही कोण? कोर्टाच्या ऑर्डरमध्ये बारा लिहिलंय, ती कोर्टाने बदललेली नाही, मग सात कुठून आले? त्यांच्या हिशेबाने चव्वेचाळीस महिने गुणिले पाच हजार, दोन लाख वीस हजार थकबाकी, दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावता येईल.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण जून २०२० मध्ये मी खरंच हो म्हणाले होते. कायद्याने माझ्या होला किंमत नसेल पण मी तर म्हणाले होते ना. लॉकडाऊनमधले पैसे मागणं मला शेणात हात घातल्यासारखं वाटत होतं. त्याच वेळी २०२२ नंतरचे न मागणं म्हणजे लेकीच्या ताटातलं काढून देणं. आणि हे दोन भाग वेगळे करायला एकही तारीख लिहिलेली नाही, कारण अंगठ्याला तारीख नसते. म्हणजे मेसेजला असते, पण "कधीपर्यंत" नसते. त्या दिवशी डाळ शिजू देऊन, पाच मिनिटांनी, "ठीक, डिसेंबरपर्यंत सात, मग बोलू" एवढं जरी टाइप केलं असतं तरी पुढची निम्मी भांडणं झाली नसती. आमचं तेव्हा बरं चाललं होतं म्हणून लिहिलं नाही. आणि जेव्हा बिनसलं तेव्हा लिहून देणार कोण.

मला आधी वाटायचं की आपणच संमतीने सही केली, म्हणजे आता अठरा वर्षांपर्यंत तेच. तसं नसतं. हिंदू मॅरेज ॲक्टच्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, खर्च, शिक्षण याबद्दलची ऑर्डर घटस्फोटानंतरही अर्ज करून बदलून मागता येते. आणि सुप्रीम कोर्टाने तर १९७३ मध्येच, रोझी जेकबच्या केसमध्ये, सांगून ठेवलंय की मुलांच्या ताब्याच्या ऑर्डरी मुळातच तात्पुरत्या असतात, त्या वेळच्या परिस्थितीपुरत्या, आणि परिस्थिती बदलली की, नुसता काळ गेला तरीसुद्धा, मुलाच्या भल्यासाठी कोर्ट त्या बदलू शकतं, मग त्या दोघांच्या संमतीने झालेल्या का असेनात. मुलं म्हणजे आईबापांची खेळणी नाहीत असंही त्यात आहे. "काळ गेला" हे कारण पुरतं हे वाचून मला इतकं हलकं वाटलं. मी उगाच त्याच्या चुका शोधत बसले होते, वही भरत होते, आणि खरं कारण घरात चष्मा लावून फिरत होतं, पाच फूट दोन इंच.

(ज्यांची खर्चाची ऑर्डर क्रिमिनल प्रोसिजर कोडच्या कलम १२५ खाली आहे त्यांना बदल १२७ खाली मागावा लागायचा, १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि ते आकडे १४४ आणि १४६ झाले. माझा अर्ज त्याच्या आधीचा आणि २६ खालचा, त्यामुळे मी त्या घोळातून वाचले.)

मार्चमध्ये अर्ज टाकला. त्याचा से, म्हणजे लेखी उत्तर, आला त्यात मी एकोणीस भेटी बुडवल्या अशी यादी, आणि शेवटी मुलीचा ताबाच त्याला द्यावा ही मागणी. एकोणिसातल्या चार माझ्या होत्या, बाकीच्या त्याच्या डिलिव्हऱ्या. ताब्याचं वाचून माझे पाय गार पडले. नंतर जिन्यात भेटला तेव्हा खाली बघत म्हणाला, ते वकिलाने घातलंय. आमच्यात एवढं सरळ वाक्य कितीतरी दिवसांनी झालं.

मग ॲफिडेव्हिट. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिलं की मेंटेनन्सच्या, म्हणजे पोटगी-खर्चाच्या, केसमध्ये दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं शपथेवर उघड करायचं. ती केस आपल्या नागपूरची, आणि त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. फॅमिली कोर्टाने मुलाला आधी महिना पाच हजार दिले होते आणि सप्टेंबर २०१५ पासून दहा हजार. मूल वाढलं, रक्कम वाढली, इतकं साधं. आमच्या साडेतीन पानांत हे कुणाला सुचलं नाही. त्याच निकालात असंही आहे की शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करावा, पण आई चांगलं कमावत असेल तर दोघांनी कमाईच्या प्रमाणात वाटून घ्यावा. म्हणजे निम्मं-निम्मं हाही काही देवाने दिलेला आकडा नाही.

तो फॉर्म भरायला मला तीन रात्री लागल्या. मी दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब बघते तरी. सोनं किती, पीपीएफ किती, आणि भिशी! ऑफिसातल्या बायकांची भिशी, महिना दोन हजार, ती लिहायची का नाही यावर मी अर्धा तास घालवला आणि लिहिली. त्याने त्याचं ॲफिडेव्हिट दिलं नाही, पुढची तारीख, परत दिलं नाही, परत पुढची तारीख. मुलांच्या खर्चाचा अंतरिम अर्ज नोटीस पोचल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कलम २६ मध्येच लिहिलंय, पण "शक्यतो" हा शब्द फार मोठा असतो आणि समोरचा माणूस त्यात आरामात राहू शकतो.

मधल्या काळात काउन्सेलरकडे पाठवलं. त्या खोलीत लहान मुलांसाठी बुटकी टेबलं आणि रंगीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, भिंतीवर ससा. लेक त्यातल्या लाल खुर्चीवर बसली तर गुडघे हनुवटीला टेकायला आले. बाजूला एक तीनेक वर्षांचा मुलगा ठोकळे रचत होता आणि दर दोन मिनिटांनी हिला दाखवत होता, हिने त्याला पूल करून दिला. मी दाराच्या काचेतून बघत होते. २०१६ मध्ये आम्ही सही केली तेव्हा ही त्या खुर्चीच्या मापाची होती.

काउन्सेलर बाईंनी आम्हाला दोघांना आत बोलावून सांगितलं की मुलीला शनिवार नकोत. अजिबात नकोत. शनिवारी तिचा बास्केटबॉल असतो आणि मैत्रिणी असतात, आणि मॉलचा तिला वीट आलाय. तिला मे महिन्यात नाशिकला जाऊन सलग राहायचंय, दिवाळीत चार-पाच दिवस, तिथे तिचं कपाट हवंय, लहान भावाला बघायचंय. तो एकदम दुखावला. महिन्यातून दोनदा भेटायचा माझा हक्क मी का सोडू? तेव्हा बाईंनी टेबलावरचा कॅल्क्युलेटर पुढे केला. वर्षाला चोवीस शनिवार, सहा तासांचे, एकशे चव्वेचाळीस तास. म्हणजे सहा दिवस. वर्षाचे सहा दिवस, तेही सगळे पाळले तर, आणि त्यावर तुम्ही दोघं एक वर्ष भांडताय, ती पंचवीस दिवस देतेय. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. मीही. पंचवीस दिवस म्हणजे माझं घर पंचवीस दिवस रिकामं, हा हिशेब मी त्या कॅल्क्युलेटरवर केला नाही.

नऊ वर्षांनंतर मूल ठरवतं, बारानंतर ठरवतं असं लोक ठासून सांगतात. कायद्यात असं काही वय नाही. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे १९५६ च्या हिंदू मायनॉरिटी अँड गार्डियनशिप ॲक्टमध्ये आहे, आणि त्यानंतरचं म्हणाल तर गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट, तोही १८९० चा, इतकंच म्हणतो की मूल विचार करून मत सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ते मत लक्षात घेऊ शकतं. घेऊ शकतं, म्हणजे ठरवणार शेवटी कोर्टच, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे. तेरा वर्षांच्या पोरीवर "सांग कोण हवंय" हे ओझं टाकणारे आपण कोण.

जज मॅडमनी तिला चेंबरमध्ये एकटीला बोलावलं. वीस-पंचवीस मिनिटं. बाहेर आम्ही दोघं एकाच बाकावर दोन टोकांना. ती बाहेर आली, म्हणाली पाणी दे, बाटली संपवली, आणि तो विषय बंद. मी विचारलं नाही, म्हणजे विचारायचं नाही असं वकील मॅडमनी बजावलं होतं म्हणून. रात्री लाइट बंद केल्यावर अंधारातून आवाज आला, "मी तापाचं नाही सांगितलं."

मला काय बोलावं कळेना. हं म्हटलं बहुतेक.

जानेवारी २०२५ मध्ये तडजोड झाली आणि फेब्रुवारीत ऑर्डर. ताबा माझ्याकडेच. महिना वीस हजार, दर जूनमध्ये दहा टक्के वाढ. फी निम्मी, पण आता त्याची निम्मी थेट शाळेच्या खात्यात, माझ्या हातातून नाही. डॉक्टर-दात-चष्मा वेगळं, पाच हजारांच्या वर गेलं तर निम्मं. थकबाकीत मी २०२१ चा डिसेंबर संपेपर्यंतचं सोडलं, वकील मॅडमना ते अजून पटलेलं नाही, आणि उरलेले एक लाख तीस हजार त्याने तिच्या नावाने एफडीत टाकले. शनिवार गेले. मेचे पंचवीस दिवस आणि दिवाळीचे पाच, तारखांसकट. आणि शेवटचं कलम माझ्या हट्टाने घातलेलं: कुठलाही बदल ईमेलवर, कधीपासून कधीपर्यंत हे लिहून, आणि तीन महिन्यांच्या वर चालणार असेल तर दोघांच्या सहीने कोर्टात अर्ज. त्याचा वकील हसला होता या कलमाला. हसू दे.

हे लिहिलेलं लेकीला वाचायला दिलं. तिने दोन गोष्टी काढायला लावल्या आणि एक घालायला, की बाबा मॉलमध्ये तिला गणितंही शिकवायचा, नुसते फोन नाही घ्यायचा. घातलं.

यंदाच्या मेमध्ये ती गेली. परत यायच्या आदल्या दिवशी फोन, मागे लहान भावाचा आरडाओरडा, "आई, अजून दोन दिवस राहू? बाबा म्हणाला तुला विचार." मी राहा म्हटलं. मग लॅपटॉप उघडून त्याला ईमेल टाकला, विषय: २६ आणि २७ मे, दोन जादा दिवस, फक्त याच वेळेपुरते. पाच मिनिटांत उत्तर आलं, नुसता पिवळा अंगठा.

मी परत लिहिलं, अंगठा नको, "ओके" लिही.